आठ हजारांचा पाढा

१.५४४. २.०४८. ३४.३६८. १५५.५२. ९,९५३.२८.

शहाण्या माणसाने ठरवून निवडावेत असे हे आकडे दिसत नाहीत. पण टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या कुणालाही विचारा, त्यांना ते पाठ असतात. पहिला अमेरिकेतल्या टी-वन लाइनचा वेग, दुसरा आपल्याकडच्या ई-वनचा, तिसरा ई-थ्रीचा, चौथा एसटीएम-वनचा आणि पाचवा एसटीएम-सिक्स्टीफोरचा. सगळे मेगाबिट प्रति सेकंदात. आज घरी इंटरनेट घ्यायला गेलं की ३०, १००, ३०० असे गोल आकडे समोर येतात. मग आधीच्या इंजिनिअरांना गोल आकड्यांचं वावडं होतं की काय?

कशाचे किती मेगाबिट होतात हे सांगणारे तक्ते हवे तेवढे मिळतात, पण हे असे का, ते तक्त्यात नसतं. त्यासाठी एक साधा भागाकार करावा लागतो. ई-वनच्या २०,४८,००० बिटना ८,००० ने भागा, उत्तर २५६. टी-वनच्या १५,४४,००० ना भागा, १९३. ई-थ्री, ४,२९६. एसटीएम-वन, १९,४४०. एसटीएम-सिक्स्टीफोर, १२,४४,१६०. प्रत्येक वेळी बाकी शून्य.

आता जुन्या मोडेमचे वेग घ्या: ३००, १,२००, २,४००, ९,६००, १४,४००, २८,८००, ३३,६००. यांना ८,००० ने भाग जात नाही. ७५ ने मात्र प्रत्येकाला जातो: ४, १६, ३२, १२८, १९२, ३८४, ४४८.

म्हणजे दूरसंचाराच्या वेगांचे पाढे दोन. ७५ चा पाढा माणसाच्या बोटांतून निघाला आणि ८,००० चा त्याच्या गळ्यातून. बाकीचं सगळं या दोन पाढ्यांचं गणित.

एका बिटला वीस सेकंद

सुरुवात मात्र कुठल्याच पाढ्यात न बसणाऱ्या वेगाने झाली. ऑगस्ट १८५८मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तारेची केबल सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सुमारे १६ तास लागले.

याचं आजच्या भाषेत रूपांतर करू. इंग्रजी शब्द सरासरी पाच अक्षरांचा, त्यात एक मोकळी जागा धरली की सहा खुणा. एका खुणेला पाच बिट धरले तर शब्दाला ३० बिट, आणि ९८ शब्दांचे २,९४० बिट. भागिले १६ तासांचे ५७,६०० सेकंद. उत्तर ०.०५ बिट प्रति सेकंद. एक बिट पलीकडे जायला वीस सेकंद.

इतका उशीर कशाने? वीज समुद्रात रेंगाळत नव्हती. गटापर्चाच्या आवरणातली तांब्याची तार आणि बाहेरचं खारं पाणी मिळून एक लांबच लांब कपॅसिटर तयार होतो. एका टोकाला दिलेला नेटका ठोका दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोचतो, आणि पुढचा ठोका घाईने दिला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. लांबी दुप्पट झाली की ही पसरण चौपट होते, असं विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, गणिताने दाखवलं होतं. केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांना ते पटलं नाही. त्यांनी व्होल्टेज वाढवून पाहिलं, आणि जेमतेम तीन आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली.

१८६६ची केबल जाड तांब्याची होती. तिच्यातून मिनिटाला आठ शब्द जाऊ लागले, म्हणजे सेकंदाला चार बिट. आठ वर्षांत ऐंशी पट. ती टाकणारं ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज १८७०मध्ये मुंबईच्या बंदरात आलं आणि त्याने मुंबई ते एडन केबल टाकली. तिथून पुढे सुएझमार्गे मुंबई थेट लंडनला जोडली गेली.

बोटांचा पाढा

खुणेला पाच बिट हा हिशेब फ्रान्सच्या तार खात्यातल्या एमील बोदो यांचा. १८७४मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच ठोक्यांचं असे, प्रत्येक ठोका असेल किंवा नसेल. पाच ठोक्यांच्या ३२ जुळण्या होतात. त्यात रोमन लिपीची २६ अक्षरं बसतात, अंकांसाठी मात्र टाइपरायटरसारखी शिफ्टची खूण लागते. ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावाचं. सेकंदाला रेषेवर किती ठोके जातात, ते बॉड मोजतो.

टेलेक्सचा जगभरचा वेग होता ५० बॉड. एक ठोका २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक अक्षराआधी ‘सुरू’चा एक ठोका, मग पाच ठोके अक्षराचे, शेवटी ‘थांबा’चा दीड. एकूण साडेसात ठोके, १५० मिलिसेकंद. सेकंदाला पावणेसात अक्षरं, मिनिटाला सहासष्ट शब्द. टायपिंगच्या क्लासमध्ये ६० शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस या यंत्राला जवळजवळ पुरून उरायचा, कारण यंत्र माणसाच्या बोटांच्या मापानेच बेतलेलं होतं. रोमन लिपीत ‘बॉम्बे’ची सहा अक्षरं पाठवायला बरोबर ०.९ सेकंद लागत. लाइन ठीक आहे का, हे पाहायला ऑपरेटर ‘आर’ आणि ‘वाय’ ही अक्षरं आलटून पालटून पाठवत. कारण ‘आर’ म्हणजे ०१०१० आणि ‘वाय’ म्हणजे १०१०१. पाचही ठोके दर अक्षराला उलटतात, त्यामुळे यंत्राचा कुठलाही भाग ढिला असेल तर कागदावर लगेच दिसे.

याच पद्धतीचा पुढचा टेलिप्रिंटर ७५ बॉडचा. साडेसातने भागलं की सेकंदाला दहा अक्षरं, मिनिटाला बरोबर १०० शब्द. कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवर बोलू लागले तेव्हा इंजिनिअरांनी हाच आकडा दुप्पट, चौपट, आठपट करत नेला. ३०० हा ७५ चोक, ९,६०० म्हणजे ७५ गुणिले १२८.

इथेच एक घोटाळा सुरू झाला. ३०० बिटच्या मोडेममध्ये एक ठोका म्हणजे एक बिट, त्यामुळे बॉड आणि बिट एकच. पुढे एकाच ठोक्यात सुराचा जोर आणि कला दोन्ही बदलून चार-चार बिट कोंबता येऊ लागले. २,४०० बिटचा मोडेम रेषेवर फक्त ६०० बॉडने चालायचा आणि ९,६०० चा २,४०० बॉडने. तरीही दुकानदार ‘९,६०० बॉडचा मोडेम’ म्हणूनच विकत राहिले. तेव्हा जुन्या कागदांत बॉड दिसला की आधी विचारायचं: एका ठोक्यात बिट किती? तो गुणाकार केल्याशिवाय बॉडचं बिटमध्ये रूपांतर होत नाही. बॉड काही इतिहासजमा झालेला नाही. समुद्राखालच्या काचतंतूंवर काम करणारे इंजिनिअर आजही त्याच एककात बोलतात, फक्त त्यांचे आकडे शंभर गिगाबॉडच्या आसपासचे असतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ किलोबिट होता. ७५ च्या पाढ्यातलाच आकडा.

गळ्याचा पाढा

दुसऱ्या पाढ्याचं मूळ टेलिफोनच्या आवाजात आहे. माणूस काय बोलतो हे समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झमधला आवाज पुरतो. थोडी मोकळी जागा धरून एका संभाषणाला ४,००० हर्ट्झ दिले गेले. आवाज अंकांत उतरवायचा तर त्याच्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुप्पट वेळा तो मोजावा लागतो. म्हणून सेकंदाला ८,००० मोजण्या, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक. प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहायची. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. ६४ किलोबिट हे दूरसंचाराचं मूळ नाणं ते हे.

ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांना पॅरिसच्या प्रयोगशाळेत १९३७मध्ये सुचली. ती स्वस्तात अमलात आणणारं साधन, म्हणजे ट्रान्झिस्टर, मात्र तेव्हा जन्माला यायचा होता. १९६२मध्ये अमेरिकेत टी-वन सुरू झाली. २४ संभाषणांचे आठ-आठ बिट, म्हणजे १९२, अधिक जुळणीसाठी एक: १९३ बिटांची एक फ्रेम, सेकंदाला ८,००० फ्रेम. १.५४४ मेगाबिट.

युरोपने, आणि त्यांच्यामागोमाग भारताने, ३२ खणांची फ्रेम घेतली: ई-वन. आपल्याकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सरळ ‘दोन एमबी’ म्हणतात. १२५ मायक्रोसेकंदांत २५६ बिट जातात, प्रत्येकाच्या वाट्याला ४८८ नॅनोसेकंद. बत्तीसपैकी शून्य क्रमांकाच्या खणात एकाआड एक फ्रेमला ००११०११ ही ठरलेली खूण असते. पलीकडचं यंत्र येणाऱ्या बिटांच्या लोंढ्यात ती शोधत बसतं, सापडली की फ्रेम कुठे सुरू होते ते कळतं. सोळाव्या खणात कोण कुणाला फोन करतंय याची माहिती. उरलेले तीस खण तीस माणसांच्या बोलण्यासाठी. ऑफिसात घेतली जाणारी तीस लाइनची ‘पीआरआय’ म्हणजे हीच.

आता गंमत पाहा. २,०४८ हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांना ओळखीचा वाटतो, १,०२४ ची दुप्पट. पण इथे तो योगायोग आहे. दूरसंचारात किलो म्हणजे नेहमीच १,००० आणि मेगा म्हणजे दहा लाख. हे २,०४८ आले ते ३२ गुणिले ६४ मधून.

चार ई-वन एकत्र केल्या तर ८.१९२ मेगाबिट व्हायला हवेत. ई-टू मात्र ८.४४८ ची असते. वरचे ०.२५६ कुठून आले? चार ठिकाणांहून आलेल्या चार लाइनींची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, कुणाचं किंचित पुढे, कुणाचं किंचित मागे. ही तफावत भरून काढायला मध्ये मध्ये पोकळ बिट घालावे लागतात. असं तीनदा केलं की १३९.२६४ मेगाबिटची ई-फोर बनते, त्यात चौसष्ट ई-वन आणि १,९२० संभाषणं. तिच्यातले जवळजवळ सहा टक्के बिट केवळ घड्याळं आणि जुळणी सांभाळण्यात खर्च होतात. पुढे देशभरची यंत्रं एकाच अचूक घड्याळावर आली आणि एसटीएम-वन आली: नऊ ओळी, २७० स्तंभ, प्रत्येक घरात आठ बिट. असा एक तक्ता दर १२५ मायक्रोसेकंदांनी. ९ × २७० × ८ × ८,००० करा, १५५.५२ मेगाबिट येतात. तोवर लाइनीवर फोनपेक्षा डेटाच जास्त धावू लागला होता, पण ताल गळ्याचाच राहिला.

दोन्ही पाढ्यांची गाठ पडली ती ५६ किलोबिटच्या मोडेमवर. ३३.६ पर्यंतचे मोडेम ७५ च्या पाढ्यात होते. ५६,००० ला ७५ ने भाग जात नाही, ८,००० ने जातो: ८,००० सत्ते ५६,०००. कारण १९९८च्या व्ही.९० मोडेमने एक्स्चेंजमधली सेकंदाला ८,००० मोजण्यांची यंत्रणाच थेट वापरली. आठव्या बिटचा भरवसा नव्हता, म्हणून सातच धरले. या यंत्रणेतून याहून जास्त काढणं शक्य नव्हतं, आणि मोडेमची शर्यत तिथे थांबली.

गोल आकड्यांचा काळ

गोल आकडे आले ते कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधून. इथरनेटचा पहिला अवतारही गोल नव्हता. १९७३मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ते २.९४ मेगाबिटने चाललं, कारण तिथल्या आल्टो कॉम्प्युटरचं घड्याळ तसं होतं. १९८०मध्ये कंपन्यांनी मिळून मानक ठरवलं तेव्हा सरळ १० मेगाबिट घेतले. मग १००, १,०००, १०,०००. त्यांच्यामागे ना बोटं, ना गळा.

मात्र गोल आकड्यांतही ग्राहकाची एक चुकामूक होते. प्लॅन १०० ‘एमबीपीएस’चा असतो आणि डाउनलोडच्या खिडकीत १२ ‘एमबी’ दिसतात. माणूस तक्रार करायला फोन उचलतो. जाहिरातीतलं ‘बी’ बिटचं असतं आणि खिडकीतलं बाइटचं. आठने भागा, १२.५ येतात, वरचे थोडे पत्त्यांत आणि जुळणीत जातात.

मराठीत हा हिशेब आणखी बदलतो. एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. सात-सात बिटांची इंग्रजी अक्षरं १६० बसतात, देवनागरीला प्रत्येक खुणेला १६ बिट लागत असल्याने ७०. व्हॉट्सॲप किंवा वेबवरच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट. ‘मुंबई’ लिहायला म, उकार, अनुस्वार, ब, ई अशा पाच खुणा, म्हणजे १२० बिट. बोदोंच्या हिशेबाने ‘बॉम्बे’ची रोमन अक्षरं तीस बिटांत जात.

ब्रॉडबँड कशाला म्हणायचं हेही सरकार आकड्यात सांगतं. २००४च्या धोरणात किमान २५६ किलोबिट, मग ५१२, आणि २०२३पासून २ मेगाबिट. म्हणजे आज किमान ब्रॉडबँड म्हणून एका घराला जे मिळायला हवं, ते एका ई-वनपेक्षा किंचित कमी आहे. त्याच ई-वनवर एकेकाळी अख्ख्या ऑफिसचे तीस फोन चालत.

एक फोटो, नऊ रस्ते

आता एकच वस्तू सगळ्या लाइनींवरून पाठवून पाहू. मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा फोटो. बिट दोन कोटी चाळीस लाख. लाइन पूर्ण वेगाने आणि विनाअडथळा चालली तर:

१८५८ची केबल: सुमारे १५ वर्षं.
५० बॉडचा टेलेक्स (‘सुरू’ आणि ‘थांबा’चे ठोके धरून): ८ दिवस ८ तास.
३०० बिटचा मोडेम: सुमारे २२ तास.
९.६ किलोबिटचं डायल-अप: जवळजवळ ४२ मिनिटं.
५६ किलोबिटचा मोडेम: ७ मिनिटं.
ई-वन: पावणेबारा सेकंद.
एसटीएम-वन: ०.१५ सेकंद.
१ गिगाबिटचं घरचं फायबर: ०.०२४ सेकंद.
मारेआ केबल: ०.००००००१५ सेकंद, म्हणजे १५० नॅनोसेकंद.

शेवटचं नाव मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक यांनी टाकून घेतलेल्या केबलचं. २०१७मध्ये टाकून पूर्ण झालेली मारेआ अमेरिकेतलं व्हर्जिनिया बीच आणि स्पेनमधलं बिल्बाओ यांना जोडते. लांबी सुमारे ६,६०० किलोमीटर, आत काचतंतूंच्या आठ जोड्या, आखलेली क्षमता १६० टेराबिट प्रति सेकंद. आपल्या मोजणीत १६० लाख कोटी बिट. सेकंदाला असे सहासष्ट लाखांहून जास्त फोटो.

तीच क्षमता ६४ किलोबिटच्या नाण्यात मोडली तर एका वेळी २५० कोटी संभाषणं होतात. दोन्ही टोकांची माणसं धरली तर ५०० कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त. १९५६मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली तेव्हा दोन खंडांमध्ये तिच्यावरून एका वेळी फक्त ३६ संभाषणं होऊ शकत होती. ती ॲनालॉग होती, पण ६४ किलोबिटच्या दराने लावलं तर २.३ मेगाबिट. आजच्या किमान ब्रॉडबँडहून जरासंच जास्त.

आणि उलट दिशेने? मारेआतून एका सेकंदात जाऊ शकतं, तेवढं पाठवायला १८५८च्या केबलला सुमारे दहा कोटी वर्षं लागली असती. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हातून बनला, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याच्याही साडेतीन कोटी वर्षं आधी राणीच्या तारमास्तरांनी सुरुवात केली असती, तर ते आज कुठे शेवटच्या बिटपाशी आले असते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मारेआच्या एका टोकाला निघालेल्या बिटला दुसऱ्या टोकाला पोचायला ३३ मिलिसेकंद लागतातच. लाइन पूर्ण भरून चालली तर तेवढ्या वेळात मागून आणखी ६६० गिगाबाइट केबलमध्ये शिरलेले असतात. ते तेव्हा कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतात, नुसते समुद्राखाली वाटेत असतात. घरचा प्लॅन १०० चा १,००० केला तरी एका बिटचा हा प्रवास मिलिसेकंदानेही कमी होत नाही, कारण मेगाबिट रुंदी मोजतात, अंतर नाही. अंतर कमी करायचं तर माहितीच जवळ आणून ठेवावी लागते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून केबल येऊन पोचतात, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतात, ती यासाठीही. ठाण्यात बसून आपण पाहतो तो परदेशी व्हिडिओ बऱ्याचदा परदेशातून येतच नाही, खाडीपलीकडूनच येतो.